कॅमेरा सरकवण्यापूर्वी घड्याळ लावा



काही वर्षांपूर्वी एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. तेथे माझ्या हातून एक चूक झाली. ती आज तुम्हाला सांगणार आहे, कारण तशीच चूक तुमच्या हातून आणि तुमच्या शिक्षकांच्या हातूनही होण्याचा संभव आहे.

प्रदर्शनात अंकुराच्या वाढीवर दोन चित्रफिती आल्या होत्या. पहिली तीन मुलांनी मिळून केलेली. त्यांनी कुठूनसा मोटरवर चालणारा स्लायडर मिळवला होता. स्लायडर म्हणजे कॅमेरा रुळावरून सावकाश सरकवणारा पाट. पडद्यावर मुगाचा अंकुर माती फोडून वर आला, त्याने पाने उघडली, आणि कॅमेरा त्याच्या बाजूने असा अलगद सरकत गेला की बघणारे स्तब्ध झाले. शेवटी अंकुर डाव्या बाजूच्या खिडकीकडे झुकताना दिसला. तक्त्यावर निष्कर्ष लिहिला होता : ‘अंकुर उजेडाकडे वळतो हे सिद्ध झाले.’

दुसरी फीत एका मुलीने एकटीने केलेली. वडिलांचा फोन तिने लाकडी स्टुलाला रबराने बांधला होता. चित्रात अंकुराशेजारी एक फूटपट्टी उभी आणि मागे भिंतीवरचे घड्याळ. फीत काहीशी थरथरत होती, घड्याळाचे काटे गरगरा फिरत होते. बघायला मुळीच देखणी नव्हती.

पहिल्या फितीला पहिला क्रमांक मिळाला, दुसरीला उत्तेजनार्थ. गुण देणाऱ्यांत मीही होतो.

घरी आल्यावर मात्र एक प्रश्न मला सतावू लागला. मुलांना मी विचारले होते, “दोन चित्रांमध्ये किती वेळाचे अंतर ठेवले?” त्यावर उत्तर मिळाले होते, “सर, ते ऑटोवर होतं.” हे उत्तर मी चालवून घेतले होते. भौतिकीच्या तासाला एखाद्या विद्यार्थ्याने ‘लंबकाचा आवर्तकाल ऑटोवर होता’ असे सांगितले असते, तर ते मी चालवून घेतले असते का?

काळाचा नकाशा

टाइम-लॅप्स म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. मराठीत आपण त्याला कालसंक्षेप चित्रण म्हणू. चित्रपटात दर सेकंदाला 24 चित्रे दाखवतात. घेतानाही सेकंदाला 24 घेतली, तर पडद्यावरची हालचाल खऱ्या गतीने दिसते. पण घेताना दर पाच मिनिटांनी एक चित्र घेतले आणि दाखवताना मात्र सेकंदाला 24 दाखवली तर? पाच मिनिटे म्हणजे 300 सेकंद. पडद्यावरचा एक सेकंद म्हणजे 24 गुणिले 300, म्हणजे 7,200 सेकंद, म्हणजेच पूर्ण दोन तास! काळ 7,200 पट दाबला गेला. दोन दिवसांत 576 चित्रे होतील आणि ती बरोबर 24 सेकंदांत संपतील.

हा 7,200 आकडा फार महत्त्वाचा आहे. नकाशावर ‘1 सेंटिमीटर = 10 किलोमीटर’ असे प्रमाण लिहिलेले असते. ते पुसून टाकले तर नकाशा हे निव्वळ चित्र उरते. त्यावरून पुणे ते सातारा किती लांब, हे कोणी सांगू शकणार नाही. कालसंक्षेप फीत हा काळाचा नकाशा आहे आणि दोन चित्रांमधील अंतर हे त्याचे प्रमाण आहे. प्रमाण नसलेला नकाशा भूगोलाच्या पेपरात काढलात तर तुमचे गुण कापले जातात. मग प्रमाण नसलेल्या फितीला आम्ही परीक्षक पहिला क्रमांक कसा देतो?

चार्ल्स डार्विन यांनी 1880 मध्ये वनस्पतींच्या हालचालींवर एक मोठे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या कामात त्यांचा मुलगा फ्रान्सिस त्यांच्या जोडीला होता. त्यांच्यापाशी चलत्‌चित्रांचा कॅमेरा नव्हता. त्यांनी युक्ती केली. रोपाच्या टोकाला काचेचा बारीक तंतू चिकटवायचा, त्याच्या टोकाला एक मणी लावायचा आणि समोर काच ठेवून ठरावीक वेळाने त्या काचेवर मण्याच्या जागी ठिपका द्यायचा. मग ठिपके रेषांनी जोडायचे. टोक हवेत कसे वळसे घेत फिरते ते त्या आकृतीत दिसते. आणि आकृतीखाली काय लिहिलेले असते? निरीक्षण कोणत्या तारखेला किती वाजता सुरू झाले, किती वाजता संपले आणि हालचाल किती पट मोठी करून दाखवली आहे. ओबडधोबड रेषांच्या त्या आकृत्या देखण्या मुळीच नाहीत. पण शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी त्यांच्यावरून आपण आजही गणित करू शकतो.

त्यानंतर जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1898 ते 1900 या काळात रोपांची कालसंक्षेप चित्रणे केली. म्हणजे हे तंत्र करमणुकीच्या चित्रपटाइतकेच जुने आहे आणि त्याच्या जन्मापासून प्रयोगशाळेचाही त्यावर हक्क आहे.

दादासाहेबांचा वाटाणा

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. दादासाहेब फाळके यांचे नाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. पण त्याच्या आधी, 1912 मध्ये, त्यांनी एक छोटी फीत केली होती : ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणे लावून, समोर कॅमेरा ठेवून, एकेक चित्र घेत त्यांनी रोपाची वाढ टिपली. चित्रपटासाठी भांडवल हवे होते. हा चमत्कार पाहून पैसे देणाऱ्याची खात्री पटावी हा हेतू होता आणि तो साध्य झाला. भारतातील कथापटाचा पाया एका कालसंक्षेप चित्रणावर घातला गेला, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

या फितीविषयी पुष्कळ ठिकाणी असे लिहिलेले आढळते : महिन्याहून अधिक काळ रोज एक चित्र घेतले आणि मिनिटभराची फीत तयार झाली. वही घ्या आणि हे विधान तपासून पाहा. त्या काळी हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याचा वेग साधारण सेकंदाला 16 चित्रे असे. एका मिनिटाला 16 गुणिले 60, म्हणजे 960 चित्रे लागतील. रोज एक या हिशेबाने महिन्यात होतील 30. ती दोन सेकंदही पुरणार नाहीत! उलट, एका महिन्यात 960 चित्रे घ्यायची तर रोज 32 घ्यावी लागतील, म्हणजे रात्रंदिवस पाऊण तासाला एक. तेव्हा ‘रोज एक चित्र’ आणि ‘मिनिटभराची फीत’ या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

यात दादासाहेबांना दोष नाही. त्यांना वनस्पतिशास्त्राचा निबंध लिहायचा नव्हता. पण ऐकीव गोष्ट एका पुस्तकातून दुसऱ्यात कशी जाते आणि एक साधा गुणाकारही कोणी कसा करत नाही, याचा हा धडा आहे. डार्विन यांचे ठिपके आजही बोलतात, कारण त्यांच्याखाली वेळ लिहिलेली आहे.

घड्याळ उलटे कसे फिरते?

तुम्ही म्हणाल, “सर, वेळ लिहिली नाही म्हणून आकडे काढता येणार नाहीत, इतकेच ना? जे दिसते ते तर खरेच असते.”

तसेही नाही. एक प्रयोग करा. भिंतीवरच्या घड्याळाचे दर 55 मिनिटांनी एक चित्र घ्या. बारा वाजता पहिले घेतले, तर मिनिटकाटा बारावर असेल. दुसऱ्या चित्रात तो अकरावर, तिसऱ्यात दहावर, चौथ्यात नऊवर. चित्रे भराभर दाखवली की मिनिटकाटा उलटा फिरताना दिसेल! तासकाटा मात्र सरळ पुढे जाईल. एकाच घड्याळाचे दोन काटे विरुद्ध दिशांना! आणि दर 60 मिनिटांनी चित्र घेतलेत, तर मिनिटकाटा जागचा हलणारच नाही. प्रत्येक चित्र खरे आहे, तरीही फीत खोटे सांगते आहे.

रोपांच्या बाबतीतही हेच घडू शकते. घेवड्यासारख्या वेलीचे टोक आधार शोधत साधारण दोन तासांत एक फेरी घेते. तासाला एक चित्र घेतले तर एका फेरीत दोनच चित्रे मिळतील आणि वेल नुसती डावी-उजवीकडे झटके देते आहे असे वाटेल. ती गोल फिरते हे कळणारच नाही. नियम सोपा आहे : जी हालचाल टिपायची, तिच्या एका आवर्तनात निदान दहा चित्रे हवीत. यासाठी हालचालीचा अंदाज आधी घ्यावा लागतो, अंतर विचार करून ठरवावे लागते. ‘ऑटो’ला यातले काही कळत नाही. काही फोनमधील तयार सोय तर चित्रण जसजसे लांबत जाते तसतसे दोन चित्रांमधील अंतर आपोआप वाढवते, म्हणजे शेवटी फीत आटोपशीर राहते. करमणुकीला ते छान. पण सुरुवातीचा एक सेकंद आणि शेवटचा एक सेकंद यांची किंमत मग सारखी राहत नाही. चित्रात घड्याळ नसेल, तर हा बदल कोणाच्या लक्षातही येणार नाही. त्या मुलीच्या फितीत गरगरणारे घड्याळ मला प्रदर्शनात खटकले होते. खरे म्हणजे तेच तिच्या फितीतले सर्वांत मोलाचे पात्र होते.

तारेचा अंकुर

आता स्लायडरकडे वळू, कारण माझी खरी चूक तिथे झाली.

मुलांचा पाट 60 सेंटिमीटर लांब होता. सुरुवातीला कॅमेरा अंकुराच्या अगदी समोर, एक मीटरवर होता आणि तेथून तो उजवीकडे सरकत गेला, तोंड मात्र अंकुराकडेच ठेवून. शेवटी तो अंकुराकडे किती अंशांनी तिरका बघत होता? समोरची बाजू 0.6 मीटर, लगतची 1 मीटर. ज्याची टॅन्जन्ट 0.6 तो कोन, म्हणजे सुमारे 31 अंश.

मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका कुंडीत लोखंडी तार खोचली. ती समोरच्या कॅमेऱ्याकडे 45 अंशांनी झुकेल अशी वाकवली. समोरून पाहिले तर ती सरळ उभी दिसे, कारण झुकाव नेमका आपल्याच दिशेने होता. मग कॅमेरा हाताने थोडा थोडा उजवीकडे सरकवत साठ चित्रे घेतली आणि भराभर दाखवली. काय दिसावे? निर्जीव तार डावीकडे झुकू लागली! शेवटच्या चित्रात तिचा झुकाव सुमारे 27 अंश भरला. अकरावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे : 45 अंशांची टॅन्जन्ट गुणिले 31 अंशांची साइन.

म्हणजे जे अंकुराने केले असे आम्ही समजलो, ते तारही करते! मग मला आठवले, त्या मुलांचा चित्रणाचा दिवा कॅमेऱ्याच्या सुरुवातीच्या जागेशेजारीच होता आणि प्रत्येक चित्रासाठी तो लागत होता. अंकुर त्या दिव्याकडे, म्हणजे समोर झुकला असेल, आणि सरकत्या कॅमेऱ्याने तो झुकाव डावीकडच्या खिडकीकडे वळवून दाखवला असेल.

मी संयोजकांना कळवले. निकाल जाहीर झाला होता, तो बदलला नाही. मात्र त्या मुलांचे शिक्षक मोठ्या मनाचे. ते तिघांनाही घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आले. तारेची फीत पाहून मुले आधी हसली, मग गप्प झाली. त्यांपैकी एकाने विचारले, “सर, मग आमचा अंकुर वळलाच नव्हता?”

मी म्हणालो, “वळला असेल, नसेलही. तुमच्या फितीवरून ते सांगता येत नाही, एवढेच आपल्याला कळले आहे.”

त्यांनी प्रयोग पुन्हा केला. या वेळी कॅमेरा पक्का बांधला, शेजारी एक सरळ तार उभी केली, रात्रीसाठी दिव्यावर लाल कागद लावला. कारण रोपे उजेडाकडे वळतात ती मुख्यतः निळ्या प्रकाशामुळे, लाल प्रकाशाने जवळजवळ नाही. अंकुर खिडकीकडे वळला. पण पहिल्या फितीत दिसला होता त्याच्या निम्म्यानेही नाही. ही दुसरी फीत कोणत्याही प्रदर्शनात गेली नाही. माझ्या मते तिघांचे खरे बक्षीस तेच.

मग स्लायडर वाईट का?

नाही. यंत्रावर राग धरण्यात शहाणपणा नाही. सरकत्या कॅमेऱ्याची तीन उत्तम कामे मी तुम्हाला सांगतो.

पहिले काम : पराशय, म्हणजे पॅरॅलॅक्स. कोकण रेल्वेच्या खिडकीतून तुम्ही पाहिले असेल, जवळचे खांब झपाट्याने मागे पळतात, मधली झाडे सावकाश आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबर येतो असे वाटते. स्लायडरने हेच मोजता येते. तोच 60 सेंटिमीटरचा पाट घ्या. एक मीटरवरचे फूल 31 अंश सरकेल, 20 मीटरवरचे झाड सुमारे पावणेदोन अंश आणि दोन किलोमीटरवरचा डोंगर अवघी एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग. उलट, सरकणे मोजले तर अंतर काढता येईल. बेसेल यांनी 1838 मध्ये ताऱ्याचे अंतर याच तत्त्वाने मोजले. त्यांचा पाट कोणता? पृथ्वीची कक्षा! सहा महिन्यांत आपण सूर्याच्या या बाजूकडून त्या बाजूला, सुमारे 30 कोटी किलोमीटर सरकतो. एवढा प्रचंड पाट घेऊनही हंस तारकासमूहातील 61 क्रमांकाचा तारा एका विकलेपेक्षाही कमी सरकला. तरी तो जवळच्या ताऱ्यांपैकी एक, सुमारे 11 प्रकाशवर्षांवरचा.

दुसरे काम : गती रद्द करणे. रात्री कॅमेऱ्याची झडप दोन-तीन मिनिटे उघडी ठेवली तर ताऱ्यांच्या रेघा उमटतात, कारण पृथ्वी फिरते. दोन फळ्या बिजागरीने जोडा, बिजागरीचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखा आणि वरची फळी आट्यांच्या दांड्याने सावकाश उचला. दांड्याच्या दोन आट्यांमध्ये एक मिलिमीटर अंतर असेल आणि मोटर त्याला मिनिटाला एक फेरा देत असेल, तर दांडा बिजागरीपासून सुमारे 229 मिलिमीटरवर बसवा. फळी पृथ्वीच्या गतीइतकीच, पण उलट दिशेने फिरेल आणि काही मिनिटे तरी तारे ठिपक्यांसारखे राहतील. इथे कॅमेरा हलवला तो देखावा म्हणून नव्हे, तर एक गती दुसरीने खोडण्यासाठी. 229 हा आकडा कसा आला ते शोधून काढा. पृथ्वीची एक फेरी ताऱ्यांच्या संदर्भात 23 तास 56 मिनिटांची असते, एवढीच सूचना देतो.

तिसरे काम मला सर्वांत प्रिय : स्लायडर स्वतः बनवणे. विकतचा आणू नका. आठ मिलिमीटर जाडीचा आट्यांचा दांडा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याच्या दोन आट्यांमध्ये 1.25 मिलिमीटर अंतर असते. तुमच्या प्रयोगशाळेतील स्क्रू गेजचेच हे मोठे भावंड. त्याला एक स्टेपर मोटर जोडा. ही मोटर सलग फिरत नाही, पावलापावलाने फिरते. नेहमीच्या मोटरचे एक पाऊल 1.8 अंशांचे, म्हणजे एका फेरीत 200 पावले. आता प्रत्येक चित्रानंतर कॅमेरा एक मिलिमीटर सरकवायचा आहे. एक भागिले 1.25, म्हणजे 0.8 फेरी, म्हणजे 160 पावले. पाच मिनिटांनी एक चित्र घेत दोन दिवस चित्रण केले, तर कॅमेरा 576 मिलिमीटर जाईल. पडद्यावर तो सेकंदाला 24 मिलिमीटर वेगाने सरकताना दिसेल. प्रत्यक्षात मात्र त्याची गती तासाला 12 मिलिमीटर!

मोटरला ‘सरक, थांब, थरथर शमू दे, मग चित्र घे’ हा क्रम शिकवा. चित्र घेताना ती हलत असेल तर सगळे पुसट येईल. उजेड आणि फोकस फोनमध्ये कायम करून ठेवा, नाहीतर फीत लुकलुकेल. या एका खटाटोपात कोन, आटे, गती, विद्युतप्रवाह आणि आज्ञावली असे अर्धे वर्ष शिकून होते. आणि असा पाट बनवणाऱ्याला ‘अंतर किती ठेवले?’ असे विचारले, तर तो कधीच ‘ऑटो’ म्हणणार नाही. विकतचे यंत्र आणि बनवलेले यंत्र यांत मला दिसणारा फरक हाच.

कॅमेरा कधी हलवू नये?

ज्या गतीचा शोध घ्यायचा आहे तिच्यात आपली गती मिसळत असेल तर. जेम्स बेलॉग या छायाचित्रकाराने 2007 पासून ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का अशा ठिकाणी हिमनद्यांसमोर कॅमेरे लावले. 2012 च्या ‘चेसिंग आइस’ या चित्रपटात ती चित्रणे जगाने पाहिली. थंडीवाऱ्यात हे कॅमेरे खडकाला घट्ट बांधलेले होते. त्यांनी सरकायचे नाही, सरकायचे ते बर्फाने. म्हणूनच हिमनदी मागे हटली हे कोणालाही नाकारता आले नाही. कॅमेरा जरा जरी सरकता असता, तरी शंकेखोराला बोट ठेवायला जागा मिळाली असती.

एक शिक्षक मित्र माझ्याशी वाद घालतात. ते म्हणतात, “अहो, मुले विज्ञानाकडे सौंदर्याच्या ओढीने येतात. पहिल्याच पायरीवर त्यांना आकडे लिहायला लावलेत तर पळून जातील.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मीही लहानपणी शनीची कडी पाहून भौतिकीकडे आलो, सूत्रे पाहून नव्हे. ती पहिली फीत सुंदर होती, यातही वाद नाही. पण सौंदर्याचे बक्षीस आणि पुराव्याचे बक्षीस ही दोन वेगळी बक्षिसे आहेत. ज्या तक्त्यावर ‘सिद्ध झाले’ असे लिहिले जाते, तेथे पुरावाच मागितला पाहिजे. तसे केले नाही, तर ज्याला महागडे यंत्र मिळवता येते त्याचाच निष्कर्ष खरा ठरेल. स्टुलाला फोन बांधणाऱ्या मुलीवर हा अन्याय आहेच. शिवाय चुकीचे शिकून, टाळ्या घेऊन घरी जाणाऱ्या त्या तीन मुलांवरही आहे.

म्हणून शाळांना आणि परीक्षकांना माझी आग्रहाची सूचना आहे. विज्ञान प्रदर्शनातील प्रत्येक कालसंक्षेप फितीसाठी पुढील पाच गोष्टी सक्तीच्या कराव्यात :

1. दोन चित्रांमधील अंतर, सुरुवातीची व शेवटची वेळ आणि काळ किती पट दाबला तो आकडा फितीवर लिहावा.

2. चित्रात कोठेतरी घड्याळ आणि पट्टी असावी.

3. कॅमेरा सरकवला असेल तर प्रत्येक चित्रामागे किती मिलिमीटर आणि का, हे सांगावे.

4. सजीवाशेजारी एक निर्जीव साक्षीदार उभा करावा : तार, पेन्सिल, काहीही. साक्षीदार हलला तर दोष आपला.

5. मूळ चित्रे जपून ठेवावीत, म्हणजे कोणालाही पुन्हा मोजता येईल.

यातल्या एकाही गोष्टीला पैसे पडत नाहीत, हे ध्यानात घ्या.

आणि मित्रहो, तुम्ही परीक्षकांची वाट पाहू नका. या आठवड्यात एका वाटीत मूग भिजत घाला. फोन एखाद्या डब्याला घट्ट बांधा. शेजारी तार खोचा, मागे घड्याळ ठेवा. कागदावर आधी गणित करा, मगच पहिले चित्र घ्या. फीत तयार झाली की ती पाहताना अंकुराकडे बघण्याचा मोह होईलच. तो मोह क्षणभर आवरा आणि आधी तारेकडे बघा. तार जागची हलली नसेल, तर मग खुशाल अंकुराकडे वळा आणि तो किती वळला ते पट्टीने मोजा.